गुरुजींच्या सायकलची चेन

आज दुकान उघडलं. तू गेलीस त्याला चौदा दिवस झाले, तेवढे दिवस फळ्या लावलेल्याच होत्या. लेक परवा विजयदुर्गला सासरी परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, दुकानात बसा, बरं वाटेल." बसलो. बरं वाटलं नाही आणि वाईटही वाटलं नाही. तू गेल्यापासून मला काही वाटतच नाही. हे तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, "पोटात काय गेला नाय तर वाटतला काय? आधी जेवा."

दहाच्या सुमारास आचऱ्याकडचा एक गृहस्थ सायकल ढकलत आला. चेन तुटली होती. तुटलेली चेन त्याने कागदात गुंडाळून कॅरिअरला बांधली होती. "नवी घाला," म्हणाला आणि बाकावर बसून विडी पेटवली. मी सायकल घेतली आणि नेहमीसारखी घराच्या बाजूने मागच्या पडवीत नेली. खांबाला टेकवली, तुझ्या गोणपाटावर जुनी चेन लांब करून ठेवली आणि उभा राहिलो. किती वेळ उभा होतो देव जाणे. मी तुझी वाट बघत होतो, हे मला मागाहून कळलं. मग गोणपाटावर बसलो आणि स्वतः चेन जोडली. तुला पाव तास लागायचा, मला तास लागला. गिऱ्हाईकाने घाई केली नाही, घरात दुखवटा आहे हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

तिठ्यावरच्या सायकल दुकानातल्या चेन मी जोडत नव्हतो, तू जोडायचीस. बाहेर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या एका दिवशी मी ते चारचौघांत सांगितलं, त्या दिवशी ते खोटं होतं. गेले चौदा दिवस हे एकच वाक्य डोक्यात घुमतंय, म्हणून आज वही काढून बसलोय.

नवे पैसे सुरू झाले त्या वर्षी आपण ओटीवर दुकान टाकलं. पंक्चर, ब्रेकचे रबर, पायडल, एवढं मला येत होतं. चेन मात्र कधी सरळ लागली नाही. माझी बोटं जाडी आणि डोकं तापट. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या अंगठ्याला नखुर्डं झालं आणि नेमक्या तीन सायकली चेनसाठी आल्या. मी पडवीत बसून पिन ठोकत होतो, हात ठणकत होता, तोंडाने शिव्या चालू होत्या. तू भात वैरायचं सोडून आलीस आणि म्हणालीस, "सोडा ता. माझ्याकडे द्या." मी हसलो. म्हटलं, ही काय केसांत माळायची अबोलीची वळेसर आहे? तू चेन हातात घेतलीस. तेव्हापासून तू त्या गोणपाटावरून उठलीच नाहीस म्हण ना.

गंमत म्हणजे तुला कुणी शिकवलं नव्हतं. जुनी चेन तू आधी रॉकेलच्या डब्यात धुवायचीस. मग ती आडवी धरून बघायचीस, बाजूला किती झुकते. मग गोणपाटावर जुनी आणि नवी शेजारी शेजारी लांब करायचीस, एका टोकाच्या पिनी जुळवून. दुसऱ्या टोकाला जुनी चेन नवीच्या पुढे गेलेली दिसायची, घासून घासून वाढलेली. नवीच्या कड्या मोजून जास्तीच्या काढायच्या, पिन अर्धी ठोकून बाहेर सरकवायची, चाकावर चढवायची, दोन टोकं जुळवायची आणि शेवटी लॉक. ते बोटाच्या पेरापेक्षा लहान पोलादी लॉक, एका बाजूला गोल तोंड आणि दुसऱ्या बाजूला चिरलेली शेपटी. तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवं. नाहीतर ती उघडी शेपटी कशालातरी अडकते आणि लॉक उडतं. मी पहिल्यांदा उलटं लावलेलं तू बघितलंस तेव्हा म्हणालीस, "मासो शेपटी फुडे करून पवता खंय?" मी म्हटलं, तुझ्या माहेरी पोहत असेल. तू पोट धरून हसलीस. त्यानंतर मी ते लॉक तुझ्यावरच सोडलं.

सगळं झाल्यावर चाक हवेत उचलून पायडल हाताने फिरवायचीस आणि कान लावायचीस. मला त्यात कधी काही ऐकू आलं नाही. तुला यायचं. एकदा आचऱ्याच्या उत्सवाहून आपण परत येत होतो, तू माझ्या मागे कॅरिअरवर, मांडीवर खाज्याची पुडी. चांगला रस्ता, वारा पाठीकडून, मी जरा रंगात येऊन काहीतरी बोलत होतो. तू मधेच म्हणालीस, "आयकलांत? एक कडी काढूक व्हयी. सैल वाजता." नवरा एवढा बोलतोय आणि ही चेनीचं ऐकतेय म्हणून मी रुसलो. घरी येऊन बघितलं तर कडी काढायलाच हवी होती. तू स्वतः मात्र जन्मात सायकलवर बसून पायडल मारलं नाहीस. मी एकदा शिकवतो म्हणालो होतो. "माका खंय जावचा आसा?" असं म्हणून तू विषय मिटवलास. मीही पुढे विचारलं नाही.

आपलं भांडण काय ते एकाच गोष्टीवरून व्हायचं, आणि ते अजून मिटलेलं नाही. चाकाचे दाते झिजून आकड्यासारखे झाले असले की तू नवी चेन घालायला नकार द्यायचीस. उतरवलेल्या जुन्या चेन तू डब्यात तेलात बुडवून ठेवायचीस आणि त्यातली जुळेल ती घालायचीस. म्हणायचीस, "जुन्या दातांक नवी चेन मानवत नाय. उड्या मारता." मी चिडायचो. "गिऱ्हाईक नवी मागता आणि मी जुनी देव काय? दुकान मांडलंय की धर्मशाळा?" तू म्हणायचीस, "मागता म्हणान देवची नसता." मग मी दुपारभर बोलायचो नाही आणि तू दुपारभर मजेत असायचीस. आज त्या आचऱ्याच्या गृहस्थाच्या सायकलचे दाते झिजलेले होते. मी नवीच घातली. वाद घालायला कुणी नव्हतं.

बाहेरच्यांना हे काही ठाऊक असायचं कारण नव्हतं, कारण मी ठेवलंच नव्हतं. तुझं काम झालं की मी डब्यातलं काळं ग्रीस दोन्ही तळव्यांना चोळायचो, थोडं कपाळालाही, आणि मग सायकल घेऊन बाहेर यायचो. लोक म्हणायचे, भिकूच्या हाताला यश आहे. मी तोंडभर हसायचो. आत तू राखेने हात घासत बसलेली असायचीस, नखांतलं काळं निघेपर्यंत. तुला याचं वाईट वाटायचं का, हे मी कधी विचारलं नाही.

आणि ते चार दिवस. महिन्यातले चार दिवस तू पडवीच्या दुसऱ्या टोकाला वेगळी बसायचीस, घोंगडीवर, ताटवाटी वेगळी. तेव्हा हत्याराला हात लावायचा नाही, हा तुझाच कडक नेम होता, माझ्या आईपासून आलेला. मी एकदा म्हटलं होतं, कोण बघतंय? तर तू असं बघितलंस की मी पुन्हा तो शब्द काढला नाही. मग त्या चार दिवसांत कुणी चेन घेऊन आलं की मी सांगायचो, माल बोटीत आहे. मुंबईची बोट मालवणला लागली की येईल. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या, तेव्हा कोल्हापूरचं नाव सांगायचो. दर महिन्याला चार दिवस तिठ्यावरच्या दुकानाचा माल वाटेत अडकतो, हे एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, याचं आपल्याला किती हसू यायचं.

चिंदरच्या शाळेतले गुरुजी आले तो तुझा तिसरा दिवस होता. सकाळची वेळ. ते घाईत होते. "अरे भिकू, आज डिप्टीसाहेब येतले शाळेत तपासणीक. माका धाच्या आत पोचाक व्हया." मी म्हटलं, "गुरुजी, चेन अजून बोटीत आसा." गुरुजींनी वर बघितलं. खिळ्याला नवी कोरी चेन लोंबत होती. म्हणाले, "मगे ही लोंबता ती काय माळ?"

आता काय सांगणार? मी चेन काढली आणि सायकल मागे नेली. गुरुजी बाहेर बाकावर बसून राहिले. तू घोंगडीवर बसून होतीस, शेजारची काकी पायरीवर बसून तुझ्याशी गजाली मारून नुकतीच उठून गेली होती. मी काही जुळवलं नाही, धुतलं नाही. अंदाजाने कड्या काढल्या, चेन चढवली, लॉक ठोकलं. चेनकव्हर आत वाकलेलं होतं, तेही सरळ केलं नाही. तू तिथून म्हणालीस, "तोंड बघून लावा." मला राग आला. बाहेर गुरुजी ऐकतील, असं वाटलं. मी दातओठ खात हळू आवाजात म्हटलं, "माका कळता. तू गप रव." लॉकचं तोंड मी बघितलं नाही. हाताला ग्रीस लागलेलंच होतं, चोळावं लागलं नाही.

चिंदरकडे जाताना लागते त्या घाटीवर गुरुजी पायडलवर उभे राहून जोर लावत होते. लॉकची उघडी शेपटी कव्हरला अडकली असणार. चेन सुटली, पाय खाली गेला आणि गुरुजी शेजारच्या शेताच्या कुंपणावर, चिऱ्याच्या गडग्यावर आदळले. उजवा हात कोपरात मोडला. त्यांचे थोरले भाऊ दुपारी सायकल घेऊन आले, बरोबर चार माणसं. त्यांनी चेन माझ्यासमोर टाकली आणि विचारलं, "ही चेन कोणी जोडल्यान?"

मी विचार केला नाही. विचार करून बोललो असतो तर निदान तेवढा पाजी होतो असं तरी म्हणता आलं असतं. तोंडातून निघालं, "हिना जोडल्यान." आणि मागे पडवीकडे हात केला.

दार उघडं होतं. तू घोंगडीवरच होतीस आणि काकी पुन्हा येऊन पायरीवर बसली होती. तुला ऐकू गेलं. काकीलाही गेलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आज तिसरो दिस. आणि हिना चेनीक हात लावल्यान?" तू माझ्याकडे बघितलंस. मी बाहेरच्या माणसांकडे बघत राहिलो. तू तेव्हा एक शब्द बोलली असतीस तरी सगळं उलगडलं असतं. तू घोंगडीची दशी ओढत बसलीस.

मग काय, गावाला कारण मिळालं. चेन सैल की घट्ट, लॉक सुलट की उलट, याची कुणाला पडली होती? विटाळात हत्याराला हात लागला, म्हणून गुरुजींचा हात मोडला. विहिरीवर तू गेलीस की बाया कळशा बाजूला घ्यायच्या. नवव्या दिवशी निरोप आला की देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालावं. नारळ मी सोलला. मी घेऊन चाललो, तू चार पावलं मागे.

देवळात तू पदर पसरून उभी राहिलीस. गुरुजी गळ्यात हात बांधून खांबाशी बसले होते. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या हातसून विटाळात चूक झाली आसात, तर ती पोटात घाल, आणि गुरुजींच्या हाताक गुण दी, रे म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणालो. चांगला मोठ्याने म्हणालो. माझा आवाज मला सगळ्यांच्या वर ऐकू आला. तुझे ओठ हललेले मी बघितले नाहीत.

घरी येताना मला वाटलं, आता तू बोलशील. रड, ओरड, माहेरी जा, काहीतरी कर. तू आल्यावर पेज वाढलीस आणि सोबत भाजलेला बांगडा. पुढच्या आठवड्यात चेनसाठी सायकल आली. मी भीत भीत मागे नेली. तू गोणपाट झटकलंस, दोन्ही चेन लांब केल्यास, कड्या काढल्यास, चाकावर चढवलीस, टोकं जुळवलीस. मग लॉक माझ्या तळहातावर ठेवलंस आणि म्हणालीस, "लॉक तुमी लावा." त्यानंतर जेवढ्या चेन या दुकानातून गेल्या, त्यांतलं एकही लॉक तू लावलं नाहीस. प्रत्येक वेळी ते माझ्या हातावर ठेवायचीस आणि तोंड फिरवून हात घासायला जायचीस. मी दरवेळी तोंड कुठे, शेपटी कुठे, ते दोनदा बघायचो. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलायचो, लेकीच्या लग्नाबद्दल, गळक्या कौलांबद्दल, आमसुलांबद्दल. तू हसायचीससुद्धा. मी वाईट नवरा नव्हतो, असं कधीकधी मनाशी म्हणायचो. तू दिलेल्या त्या बऱ्या वर्षांचे उपकार मोठे आहेत, आणि ते डोक्यावर घेऊनही ही एक गोष्ट तुला सांगणं माझ्याच्याने झालं नाही.

तुझ्या त्या शेवटच्या तापाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्या उशाशी बसलो होतो. तू जागी होतीस, छपराकडे बघत. मी म्हटलं, "गो." तू म्हणालीस, "काय?" सगळं तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, "पेज हाडू?" तू म्हणालीस, "थोडी." मी पेज आणायला गेलो. तू दोन घोट घेतलेस आणि डोळे मिटलेस. पुढचं काय ते सगळ्यांनी मला सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे.

आज आचऱ्याचा गृहस्थ गेल्यावर गुरुजी आले. समाचाराला आधी येऊन गेले होते, आज सहज आले. बाकावर बसले, मी चहा ठेवला. त्यांचा तो हात अजून कोपरात वाकडाच आहे, कप त्यांना डाव्या हाताने उचलावा लागतो. तो हात बघून मी एकदम बोललो.

"गुरुजी, ती चेन मी जोडलेली."

"खंयची चेन?"

"तुमचो हात मोडलो ती. हिना हात लावूक नव्हतो. ती वेगळी बसलेली. लॉक मी उलटा लावलेला. आणि नाव हिचा घेतलंय."

गुरुजींनी उचललेला कप तसाच खाली ठेवला. मालवणची येष्टी धूळ उडवत गेली. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी लागलं तरी असतं.

ते म्हणाले, "देवळात ती पदर पसरून उभी होती, तेवा मीव 'व्हय म्हाराजा' म्हटलंय रे." आणि पुढे म्हणाले, "माका कित्याक सांगतंस? वयनीक सांगलंस?"

"तिका म्हायत होता. तिच्या समोरच तर जोडलेली."

"तिका म्हायत होता, ता माका कळला. तू सांगलंस काय, ता विचारतंय."

"नाय."

"मगे आधी तिका सांग."

"आता, गुरुजी?"

"मगे कधी?"

ते उठले. चहा तसाच होता. चपला घालून, मागे न बघता, चालत गेले.

मी फळ्या लावल्या आणि वही घेऊन बसलो. उद्या देवळात जाईन, मानकऱ्यांना सांगेन, गाऱ्हाणं माझ्या नावाने पुन्हा घाला म्हणेन. लोक म्हणतील, बायको गेली म्हणून याचं डोकं फिरलंय. म्हणोत. काकी अजून आहे, तिलाही सांगेन. पण गुरुजी म्हणाले ते खरं आहे, आधी तुला. तुला ठाऊक होतं, या एका आधारावर मी इतकी वर्षं गप्प बसलो, जणू तुझं ठाऊक असणं हेच माझं सांगणं होतं. तू ते लॉक माझ्या हातावर ठेवून दर वेळी विचारत होतीस, आणि मी दर वेळी ते लावून मोकळा होत होतो.

चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची आपल्यात रीत नाही, आणि एकांतातही मी कधी घेतलं नाही. आज घेतो.

सुमती, ती चेन मी जोडली होती. तू त्या दिवशी कशालाही हात लावला नव्हतास.